दिवेलागणीची मान

मला माझ्या थोरल्या बहिणीचा भयंकर राग यायचा, हे आधीच कबूल करते. तिची मान एकाएकी झटका खायची, डोळे मिचमिचायचे आणि घशातून ‘हुं’ असा आवाज निघायचा. शाळेत मात्र आमच्या या बाईसाहेब दिवसभर गप्प. घरात पाऊल टाकलं की सुरू! दिवेलागणीला तर कहरच.

“नाटकं करायलीस तू,” मी ओरडायचे, “शाळेत बरी थांबती गं मान?”

ती नुसती मान चोळत बसायची.

सोनपेठजवळच्या आमच्या गावात बायांनी ठरवूनच टाकलं, पोरीच्या अंगात येतंय, तेही नेमकं दिवे लागले की. आमच्या घरात बुद्धाची तसबीर, देव कधीचे सोडलेले. तरी वरच्या आळीतल्या बाया नारळ, हळदीकुंकू घेऊन दारात हजर! एरवी आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आता पाया पडायला ताईचे पाय मात्र चालायला लागले. एकीनं तर ताईलाच देवी समजून विचारलं, “आई, माझी म्हैस कुठं गेली?” मला हसू आवरेना.

पण आईला तो मान गोड लागला. “शाळा पुरे आता,” ती म्हणाली, “मॅट्रिकच्या पेपरात मान उडाली तर लोक हसतील. घरी बसली तर पाया तरी पडतील.” ताई पुस्तकं छातीशी धरून रडली.

वडील शाळामास्तर. त्यांनी नारळ परत पाठवले आणि आम्हा सगळ्यांना एसटीत घालून परभणीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत खोलवर नको त्या हालचाली रोखणारी जागा असते, हिचा तिथला ब्रेक जरा ढिला आहे. मग त्यांनी ताईलाच विचारलं, “शाळेत कशी थांबते गं?”

“थांबत न्हाई, डॉक्टर. शिंक दाबावी तशी दाबून धरते. लय दुखतं. घरी आले की सोडते. घरी आपलीच माणसं हायत ना.”

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आई पदर डोळ्याला लावून म्हणाली, “शाळा न्हाई सुटायची तुझी.”

दुसऱ्या दिवशी ताई शाळेतून आली. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ. मी तिचं दप्तर घेतलं, दारात पुन्हा जमलेल्या बायांच्या तोंडावर दार लावलं आणि म्हटलं, “ताई, उडीव आता किती उडवायची ती.”