बाबांनी बुजवलेला तडा

माझे बाबा पेणच्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवतात. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्या हाताला वश आहे, असा त्यांचा ठाम समज आहे. आमच्या जुन्या गाडीच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळाला तडा गेला, तेव्हाही ते मेकॅनिककडे गेले नाहीत. गाडी वर्षभर ट्रॅक्टरसारखी बोंबलत होती. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. रोह्याला मावशीकडे जाताना आई शेजारी बसून वाटभर बोलायची, ते बंद झालं होतं. त्यांनी काही विचारलं तरी ती खिडकीबाहेर बघत राहायची.

"तुमच्या या खटाऱ्यात कोणाला ऐकू येतंय?" ती म्हणायची. घरात हाच आरोप मिक्सरवर आणि टीव्हीवर असायचा. "रुसलीय ती तुमच्यावर," असं म्हणून मी बाबांना चिडवायचो.

शेवटी एका सकाळी रोह्याला निघण्याआधी बाबांनी तो तडा मूर्तीच्या मातीने बुजवला आणि वरून गंजाचा रंग मारला. इतका हुबेहूब, की मीही फसलो. वडखळपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. नागोठणं येईतो माती तापून सुटली आणि पुन्हा तीच बोंब.

रोह्यात मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिन गार होऊ दिलं आणि पान्याने नळावर टकटक केलं. गंजाच्या रंगाचा मातीचा पापुद्राच त्याच्या हातात आला.

"काका, ह्यो नळ नाय, मूर्ती हाय, ह्याची पूजा करा," तो म्हणाला. "बिडाला वेल्डिंग टिकत नाय. दुसरा बसवतो."

गंजलेले बोल्ट सोडवण्यातच त्याची दुपार गेली. भंगारातल्या तशाच गाडीचा मॅनिफोल्ड सांध्यात नवं गॅस्केट घालून बसला, तोवर आम्ही मावशीकडे जेवून आलो.

परतताना गाडी इतकी गप्प होती की बाबा स्वतःच्याच कौतुकात होते, जणू दुरुस्ती त्यांनीच केली होती. "पुढं चहा घेऊया काय गो?" त्यांनी विचारलं. आई बाहेर बघत होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. माझं चिडवायचं वाक्य तोंडावर आलं होतं, तेवढ्यात आईने वळून काळजीने विचारलं, "बंद पडली काय हो गाडी?"

वेगाचा काटा पन्नासवर होता.

मला माझीच लाज वाटली. बाबांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. आईचा हात धरून त्यांनी गिअरच्या दांड्यावर ठेवला. दांडा थरथरत होता. मग तिच्या कानाशी वाकून ते मोठ्याने म्हणाले, "चालू हाय. चहा घेऊया काय गो?"

"ओरडता कशाला? ऐकू येतंय मला."

"व्हय गो," बाबा म्हणाले, तेवढ्याच मोठ्याने.