तिसरं कडवं

काल संगीत नाटकाला शेजारच्या खुर्चीत एक अनोळखी बाई होत्या. नायिका पडद्यासमोर एकटीच विरहाचं पद गात होती आणि बाईंचा हात मांडीवर हलकेच ताल धरत होता. तिसऱ्या कडव्याला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला कुठलं गप्प बसवतंय! वाकून म्हणालो, “हे कडवं मुळात नव्हतंच बरं का. पडद्यामागे महालाचा देखावा उभा करायला वेळ पुरेना, म्हणून तालमीत कवीकडून वाढवून घेतलं.”

“हो का?” बाई सभ्यपणे म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

तेवढ्यात वन्स मोअर आला. तेच कडवं पुन्हा सुरू झालं. कवीनं ते वेळ भरून काढायला लिहिलंही असेल. बाईंनी त्यात आपलं कोणीतरी जपून ठेवलं होतं. आणि मी माझी हुशारी घेऊन तिथं चपला घालून शिरलो होतो.

पडद्यामागे पलंग ओढल्याचा आवाज आला. मघाशीही आला असणारच, पण तेव्हा तो बाईंना ऐकू आला नव्हता. आता त्यांनी दचकून तिकडे पाहिलं. मांडीवरचा हात थांबला होता.