लाकडं कुणाची?

आमच्या घरात कुऱ्हाड नव्हती. शेतकऱ्याच्या घरात कुऱ्हाड नाही म्हटलं की लोकांना थाप वाटते, पण नव्हती. बांधावरची बाभूळ वाळून आडवी झाली तर बाबा ती कुणाला तरी देऊन टाकायचे. आमची चूल तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर, ज्वारीच्या धसकटांवर आणि गोवऱ्यांवर चालायची. तुराटी भडकते आणि लगेच विझते, त्यामुळे भाकरी थापताना आईचा एक हात पिठात आणि एक चुलीत असायचा.

याला कारण होतं. पूर्वी गावातल्या लग्नकार्याची लाकडं फोडणं आमच्या घराकडे होतं. ती मजुरी नव्हती. बोलावणं आलं की जायचं, दिवसभर फोडायचं आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचं. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि गावात परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे कुऱ्हाड लोहाराकडे नेऊन तिची दोन खुरपी करून घेतली. त्यातलं एक आई अजून वापरते. "आपल्या घरात आता लाकूड फोडायचं न्हाई," एवढंच आजोबा म्हणाले होते, आणि बाबांनी ते अक्षरशः पाळलं.

आणि मी चेनसॉ घेऊन बसलो.

खटकचिंचोळीला माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. छोटी पेट्रोल इंजिनं माझ्या हाताखालून रोज जातात. एका गिऱ्हाईकानं झाड कापायचं बंद पडलेलं मशीन माझ्याकडे टाकलं, ते न्यायला तो परत आलाच नाही. स्वस्तातलं होतं, अठ्ठावन्न सीसीचं, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी बावीस इंची. लोक सीसी आणि इंच बघून असली मशीनं घेतात, नुसती शिंगं बघून बैल घेतल्यासारखी. विकणाराही तेच पढवतो. मला याचा राग येतो. पट्टी लांब म्हणजे साखळी लांब, आणि ती ओढता ओढता इंजिनाचा जीव जातो. मी अठरा इंची पट्टी लावली. सायलेन्सरचं तोंड मोठं केलं, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा. तेवढ्यावर थांबलो आणि पहिला पिस्टन जाळून बसलो. श्वास वाढला की पेट्रोलही वाढवावं लागतं, हे मला ठाऊक होतं, पण घाई नडली. दुसऱ्या पिस्टनच्या वेळी आधी कार्बोरेटरचा स्क्रू सैल केला.

खरे दिवस खाल्ले ते साखळीनं. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दातानं किती मोठा घास घ्यायचा ते तो ठरवतो. व्हिडिओ बघून लोक तो घासून खाली नेतात, म्हणे मशीन पळतं. ओल्या लिंबात पळतही असेल. आमच्याकडची वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंड. तिथं मोठा घास घेतला की साखळी अडते आणि मशीन अंगावर उसळतं. मी घास लहान ठेवला, आणि धारेचा कोन बदलत बदलत, चार महिने कानस चालवून, बाभळीत टिकेल अशी धार शोधून काढली.

बाबा एकदाच दुकानात आले. मशीनकडे बघून म्हणाले, "ही कुऱ्हाडच हाय."

"मशीन हाय, बाबा."

"तोंड बदललं म्हणून काय झालं? कुणाची लाकडं कापणार हाईस?"

मला तो प्रश्न जुनाट वाटला. पेट्रोलच्या मशीनला कसली आलीय जात, असं मी आवाज चढवून म्हणालो. बाबा तसेच माघारी गेले. मशीन मात्र मी कधी घरी नेलं नाही.

आमच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा माझा वर्गमित्र. त्यानं परदेशी मशीन मागवलं. खोटं कशाला बोलू, मशीन उत्तम होतं. हलकं, ताकदीला दांडगं, दोरीच्या एका ओढीत सुरू होणारं. ते दुकानात आणून त्यानं माझ्या मशीनशेजारी ठेवलं आणि हसला.

"ह्या डब्यावर कामून दिवस घालवायलास?"

"डबा म्हणायलास, तर चल वाळल्या बाभळीवर. बघूच."

"चल की. आमच्या मळ्यात दोन बाभळी पाडून ठेवल्यात. जिंकलास तर कापलेले ओंडके तुझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन छोट्या टेम्पोत टाकून मळ्यात गेलो. दहा-बारा माणसं जमली होती. सारख्या जाडीची दोन खोडं, प्रत्येकाचे सहा काप, आधी संपवेल तो जिंकला. मी सुरुवातीलाच खोडाखाली फांद्यांचे टेकू सरकवले, तर "म्हातारीवानी काय करायलाय," म्हणून कुणीतरी हसलं. पहिला काप त्याचा. दुसराही त्याचाच, आणि मी तेव्हा अजून दुसऱ्याच्या अर्ध्यात होतो. पण तो खोड जमिनीवर ठेवूनच कापत होता. तिसऱ्या कापाला त्याची साखळी आरपार निघाली आणि मुरमात घुसून बोथट झाली. झालं. त्याच्या मशीनमधून जाड चुरा पडत होता त्याचं पीठ पडायला लागलं, मग धूर निघाला. तो वरून जोर लावू लागला. जोर लावून बाभूळ कापत नसते. माझा चुरा शेवटपर्यंत जाडच पडला, आणि माझा सहावा ओंडका सुटला तेव्हा तो पाचव्यात घाम गाळत होता.

मला माज आला होता, कबूल करतो. सगळ्यांकडे बघत, मुद्दाम सावकाश, मी मशीन बंद केलं.

तेवढ्यात माझ्या पाठीवर थाप पडली. वर्गमित्राचे वडील होते. "शाब्बास! रक्तातच हाय तुमच्या," ते म्हणाले. "तुझ्या पणज्यानं ह्याच मळ्यात लाकडं फोडलीत. आता मशीन गरम हाय तर बाकीचं खोड बी कापून टाक. पुढच्या आठवड्यात पोरीचं लग्न हाय, सैपाकाला लागतंय. लग्नाला ये. घरच्यांसाठी बी बांधून देतो."

म्हणजे मी लग्नाची लाकडं कापली होती. त्याच घरची, साऱ्या गावादेखत, आणि तीही आपणहून. बाबांनी जो एकच प्रश्न विचारला होता तो मी मळ्यात पाऊल टाकण्याआधी कुणालाच विचारला नव्हता. आजोबांनी जे खाली ठेवलं ते मी शर्यतीच्या नादात पुन्हा उचललं होतं. म्हातारा वाईट नव्हता, अगदी मायेनं बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. शिवी दिली असती तर उत्तर सोपं होतं. आणि म्हणे रक्तात! एक पिस्टन जाळून आणि चार महिने कानस घासून शिकलेली माझी विद्या, ती यांनी एका थापेसरशी रक्तात घातली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्यांचा गेला नव्हता, पण आमच्या घराण्याचाही काही कमी नव्हता.

"अप्पा, ही शर्यत व्हती," मी म्हणालो. "शर्यत संपली. बाकीचं खोड तुमच्या मशीननं कापा. साखळीला धार लावायची असली तर माझ्या दुकानात घेऊन या. आन मी कापलेले ओंडके मी नेणार."

"अरे, लग्नाची लाकडं हायत ती!"

"व्हय. म्हणूनच नेणार."

म्हाताऱ्यानं मुलाकडे बघितलं. मला वाटलं, आता वर्गमित्र बापाच्या बाजूनं बोलणार. तो खाली वाकला, माझा एक ओंडका छातीशी धरून उचलला आणि टेम्पोत नेऊन ठेवला. "मी शब्द दिला व्हता, अप्पा," तो म्हणाला. उरलेले पाच आम्ही दोघांनी मिळून चढवले.

लग्नाला मी नंतर गेलो, का जाऊ नये? आहेर केला, पहिल्या पंगतीला बसून पोटभर जेवलो आणि रिकाम्या हातानं घरी आलो.

पण त्या दिवशी ओंडके आणि मशीन घेऊन मी थेट घराकडे निघालो. बाबांपुढे जायची तेवढी भीती मला शाळेतही वाटली नव्हती. टेम्पो अंगणात लागला तसे ते बाजेवरून उठले आणि मागे येऊन बघू लागले.

"कुणाची लाकडं?"

"मळ्यातल्या अप्पांच्या पोरीच्या लग्नाची व्हती. तुम्ही इचारलं व्हतं, मी कुणाला इचारलं न्हाई. कापून झाल्यावर कळलं." मग मळ्यात काय काय झालं ते मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं पाठीवर मारलेली थापही सांगितली. "ती लग्नाला जळणार न्हाईत, बाबा. आता आपली हायत."

एका ओंडक्याच्या कापावरून बाबांनी हात फिरवला. घरात गॅस आलाय, पण आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर तापतं, आणि तिथं आई तुराट्या मोडून आत सारत होती. तीही हात थांबवून बाबांकडे बघू लागली. हे सगळं परत नेऊन टाक, असं ते म्हणतील याची मी वाट बघत होतो.

"एवढं मोठं चुलीत मावतंय व्हय?" बाबा म्हणाले. "बारीक कर."

मी घाईघाईनं मशीन उतरवलं आणि दोरीला हात घातला. त्यांनी माझा दंड धरून मला थांबवलं.

"सावकास कर," ते म्हणाले. "घरचं काम हाय."