माझ्या हातचा स्फटिक

सरांनी रूम फ्रेशनरचा डबा उचलला आणि थेट माझ्या अंगावर फवारला.

"पाहुणे येतायत. तुझ्या नवापूरच्या मासळीचा वास नको आत. तू बाहेर बस."

लॅबमधले सगळे हसले. मी जिन्यावर जाऊन बसले. तोंडात त्या फवाऱ्याची कडू चव होती.

पाहुणे माझाच स्फटिक बघायला आले होते. बोईसरच्या औषध कंपनीतली ही लॅब. आमच्या एका औषधाचा रेणू कसा रचलाय ते कळत नव्हतं, कारण त्याचा चांगला स्फटिक मिळत नव्हता. तो मिळाला तर क्ष-किरण टाकून अणू न् अणू कुठे बसलाय ते काढता येतं. सगळ्यांना घाई. तापवायचे, गार करायचे, हाती यायची पांढरी पूड.

मी लहानपणापासून आईचं मडकं बघितलंय. मासळी खारवायला केलेलं मिठाचं पाणी उरलं की ती वर फडकं बांधून कोपऱ्यात ठेवायची. "हात लावू नको गो. हललं का दाना मोटा होत नाय." तळाशी चौकोनी दाणे धरायचे. मी औषधाच्या द्रावणाच्या बाटलीवर फॉइल लावली, सुईने तीन भोकं पाडली आणि बारा दिवस कुणाला शिवू दिली नाही. तिळाएवढा स्वच्छ स्फटिक आला. रचना उलगडली. अहवालाच्या पहिल्या पानावर नाव एकट्या सरांचं.

जिन्यावर बसल्या बसल्या किळस आली. खरं सांगते, त्यांच्याहून जास्त माझी. दोन वर्षं रोज हाताला लिंबू चोळून कामाला जात होते. कामाच्या दिवशी घरात बोंबील खात नव्हते. आई बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसते, तिथून तोंड फिरवून पुढे जायचे. तिने बघितलं असणारच. आणि नोकरी चालली होती तिच्याच मडक्यावर. थू माझ्यावर.

दार उघडलं. पाहुण्यांनी विचारलं होतं, भोकं किती, दिवस किती, बाटली कुठे ठेवली. सरांना एकही उत्तर येत नव्हतं. मला आत बोलावलं.

"सांग गं जरा यांना." आवाज एकदम गोड.

मी खुर्ची ओढून सगळ्यांच्या मध्ये बसले.

"माज्या हातांना वास येतो ना, सर? पयल्या पानावर माजं नाव लिवा. मंग सांगते."

कुणी हसलं नाही. सर लालबुंद झाले. "नंतर बघतो तुला," म्हणाले. मी काही न सांगताच उठले. बघू देत.

नोंदवही माझ्याकडे आहे. बाराही दिवसांची नोंद, माझं अक्षर, माझी सही. उद्या ती घेऊन मी थेट मालकांकडे जाणार. नोकरी गेली तर गेली. त्यांच्याकडे जाण्याआधी बाजारात आईशेजारी बसेन, तिची पाटी लावून देईन, बोंबील निवडून देईन. मग हात न धुता ती वही मालकांच्या टेबलावर ठेवीन.