दोराच्या गाठीवरची राख

बी.ए. झाल्यावर माणूस मास्तर होतो, कारकून होतो, नाहीतर घरी बसतो. मी ट्रक चालवला. त्यात लपवण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि हिंगणघाटहून मुंबईला रुईच्या गठाणी, म्हणजे कापसाच्या गासड्या, नेणाराही मीच पहिला. दोन्हीत पास झालो.

लाज वाटली ती माझ्या बापाला. समुद्रपूरकडच्या आमच्या गावात कोणी विचारलं, की तो "पोरगा हिंगणघाटले असते" एवढंच सांगायचा. तिथं काय करतो, ते नाही.

ज्या जिनिंग कारखान्याची गाडी मी चालवत होतो, तिथल्या शेटजींनी किल्ली देतानाच सांगून ठेवलं होतं, "शिकलेला आहे म्हणून देऊन राह्यलो. एक गठाण जरी कमी उतरली, तर किल्ली इथं ठेवजो अन् घरी जाजो. बहाना नाई पाह्यजे." घरी जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. 'शिकून नोकरी नाही, अन् गाडीही धड नाही,' हे बापाला गावभर ऐकावं लागलं असतं.

आमच्या मालाची चोरी कशी व्हायची, ते आधी सांगतो. रुईची दाबलेली गठाण भारी जड. ती उचलून कोणी पळत नाही. चोर तिला हातच लावत नाही, तो फक्त दोर सोडतो. गाडी ढाब्यावर उभी असताना मागची एक गाठ ढिली करायची आणि वरवर बांधल्यासारखी दिसेल अशी गुंडाळून ठेवायची. पुढे घाट लागला, की गाडी पहिल्या गिअरवर रडत चढते, माल मागे रेटतो, दोर सुटतो आणि शेवटची गठाण आपोआप रस्त्यावर येते. इंजिनच्या आवाजात केबिनमध्ये काही कळत नाही. उचलणारे वळणावर बसलेलेच असतात.

ढाब्यावर गाडीकडं तोंड करून बसायचं, हा जुन्या ड्रायव्हरांनी दिलेला पहिला धडा. त्यावरचा माझा उपाय मात्र घरचा होता. आमच्या खळ्यावर ज्वारीची रास झाली, की ती घरी जाईपर्यंत बाप तिच्यावर चुलीतल्या राखेची रेघ ओढून ठेवायचा. कोणी राशीत हात घातला, की रेघ मोडायची. ज्वारी सारखी करता येते, पण मोडलेली रेघ पुन्हा तशीच ओढणं चोराला जमत नाही. मी तीच राख चाळून, पाण्यात कालवून दोराच्या प्रत्येक गाठीवर बोटानं एक सलग पट्टी ओढायचो. वाळली की पांढरी दिसायची. रस्त्याच्या धक्क्यानं थोडी झडायची, पण झडलेली पट्टी आणि मोडलेली पट्टी यांतला फरक ओळखू येतो.

गाडीवरचा क्लीनर पन्नाशीला आलेला, माझ्याआधी कितीतरी ड्रायव्हर पाहिलेला माणूस. तो हसून हसून बेजार व्हायचा.

"उस्ताद, ट्रकले भस्म लावून राह्यले का? आता बेल वाहा न एक नारळ फोडा."

"बी.ए.ले हेच शिकवतात," मी म्हणायचो.

"तरीच कोणी नोकरी नाई देल्ली!"

एका खेपेला धुळ्याच्या पुढं, भर दुपारी, आम्ही जेवायला थांबलो. क्लीनर ढाब्यामागच्या विहिरीवर आंघोळीला गेला. भिंतीला लावलेली खाट होती, तिथून गाडी सरळ समोर दिसत होती. मी तिच्यावर बसलो. तेवढ्यात एक माणूस जवळ आला. स्वच्छ धोतर, चष्मा, हातात कापडी पिशवी.

"काऊन जी, हिंगणघाटची गाडी का?"

हिंगणघाट सोडल्यापासून ही बोली क्लीनरच्या तोंडून सोडली तर कानावर पडली नव्हती. मी उडालोच.

"हो जी. तुम्ही कोणचे?"

"अल्लीपूरचा. इकडे लेकीच्या गावाले आलतो. नाशिकपर्यंत सोडता का?"

"बाप्पा! अल्लीपूरचे तुम्ही? बसा न, जेवा पह्यले."

आणि इथं मी चुकलो. आमच्या घरी पाहुण्याला नेहमी भिंतीकडची जागा, पाठ टेकायला. मी काही विचार न करता उठलो, त्याला माझ्या खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं. म्हणजे पाहुण्याचं तोंड गाडीकडं आणि माझी पाठ. मग पऱ्हाटी कशी आहे, बोंडं किती लागली, औंदा विकल्या कापसाचे चुकारे हातात कधी पडतील, असं आम्ही मन लावून बोललो. त्याला सगळं माहीत होतं. खरंच अल्लीपूरचा असेलही. आमच्याकडं चोर होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही.

जेवण झाल्यावर सवयीनं गाडीला फेरी मारली. पाहुणा तोवर केबिनमध्ये जाऊन बसला होता. पुढच्या गाठी ठीक होत्या, उजवीकडच्या ठीक होत्या. मागच्या डाव्या गाठीवरची पांढरी पट्टी मधोमध मोडलेली. गाठ मात्र दिसायला नीट. मी नुसतं बोट घालून ओढलं, तर दोर हातात आला.

म्हणजे पाहुणा मला बोलण्यात गुंतवत होता, तेव्हा त्याच्या जोडीदारानं माझ्या पाठीमागं काम उरकलं होतं. शेटजींच्या टेबलावरची किल्ली दिसली, त्याच्यामागं बापाचं तोंड दिसलं. पण ओरडलो नाही. पकडावं तर पुरावा काय होता? मोडलेली राख! क्लीनरला बोलावलं, गाठ दाखवली. त्यानं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. दोघांनी मिळून दोर करकचून आवळला. मग मी केबिनचं दार उघडलं.

"भाऊ, उतरा. तुम्ही वर बसा, मांगच्या गठाणीवर."

"काऊन? तिघं बसू न इथं."

"इथं गरम होते. घाटात वर मस्त वारं लागते. दोर धरून बसजा."

"वरतं? अन् पडलो त?"

"दोर पक्का असन त काऊन पडसान?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मी पण पाहत राहिलो. मग त्यानं पिशवी उचलली.

"अरे, लेकीच्या घरी चष्मा राह्यला वाटते माहा. तुम्ही व्हा समोर."

"चष्मा डोयावर हाये जी तुमच्या," क्लीनर म्हणाला.

तो उतरला आणि मागं न पाहता चालता झाला.

मागच्या गठाणीवर मग क्लीनरच चढून बसला. घाटातल्या एका वळणावर रिकामी बैलगाडी उभी होती आणि दोन माणसं आमच्या गाडीच्या मागच्या टोकाकडं डोळे लावून बसलेली. क्लीनरनं वरूनच त्यांना हात जोडून मोठ्यानं "राम राम!" घातला. मुंबईच्या गोदामात माल जसाच्या तसा उतरला.

परतल्यावर गावी गेलो. बाप अंगणात चऱ्हाट वळत होता. सगळं सांगितलं. मला वाटलं, राखेबद्दल तरी काही म्हणेल.

"गाडीकडे पाठ काऊन केली?" त्यानं विचारलं.

"पाहुणा होता न, बा."

त्यानं चऱ्हाटाला आणखी एक पीळ दिला. म्हणाला, "मीबी उठलोच असतो."

पुढच्या खेपेला आम्ही गाडी भरत होतो, तर बाप एसटीनं हिंगणघाटला आलेला. जिनिंगच्या फाटकावर चौकीदारानं अडवलं, "कोण पाह्यजे बाबाजी?"

"थ्या गाडीच्या ड्रायव्हरचा बाप होय मी. बी.ए. हाये तो," बाप म्हणाला. फाटकापासून माझ्यापर्यंत ऐकू आलं.

त्याच्या धोतराच्या सोग्यात चाळलेली राख बांधलेली होती. त्यानं गाडीभोवती हळूहळू फेरी मारली, एकेक दोर ओढून पाहिला. मागच्या डाव्या गाठीपाशी थांबला.

"हे ढिलं हाये."

ढिलं नव्हतं. मी ती गाठ सोडून पुन्हा बांधली, आणि तिच्यावर राखेची पट्टी त्यानं ओढली.