एमेटच्या कॉर्व्हेटला नवं इंजिन

एमेट व्हँडर्स्लूट माझा शेजारी. हयातभर त्यानं बेकरीची गाडी चालवली. पहाटे दुकानादुकानांतून पाव पोचवायचे आणि दुपारी जेवण झालं की गॅरेजात शिरायचं, हा त्याचा नेम. गॅरेजात त्याची सहासष्ट सालची निळी कॉर्व्हेट, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. लग्नाच्या सुमाराला एका शेतावरच्या कोठारातून त्यानं ती ओढत आणली, तेव्हा आत कोंबड्या बसलेल्या होत्या. नंतर स्वतःच्या हातांनी त्यानं ती उभी केली. इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो, म्हणजे इंजिन मूळचंच आहे, हे तो नवख्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगायचा. कुणी जुन्या गाडीत नवं इंजिन बसवलं की म्हणायचा, "आजोबांना वाघाची कवळी बसवली लेकानं."

गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. त्याची बायको आर्लीन चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसली. एकदा तिनं चालवायला मागितली, तर त्यानं क्लच या विषयावर असं काही प्रवचन दिलं, की तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात त्यानं थंडीच्या तयारीसाठी गाडी हाती घेतली. इंजिनातलं जुनं पाणी काढलं, आतून धुवायला साधं पाणी भरलं आणि संध्याकाळ झाली म्हणून काम तिथंच थांबवलं. पाणी गोठू नये म्हणून घालतात ते हिरवं रसायन तो सकाळी घालणार होता. सकाळी न्याहारीला त्याच्या डाव्या हातातून कप गळून पडला. पाठोपाठ तोही खुर्चीवरून घसरला. अर्धांगाचा झटका होता.

हिवाळा दवाखान्यात आणि मग व्यायामशाळेसारख्या त्या केंद्रात गेला, जिथं माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. गॅरेजकडे बघायला कुणाला सुचणार? जानेवारीत आमच्याकडे कडाका पडला, इंजिनातलं पाणी गोठून फुगलं आणि ओतीव लोखंडाचं ते धूड वरपासून खालपर्यंत तडकलं.

मार्चमध्ये एमेट काठी टेकत घरी आला आणि घरात जायच्या आधी गॅरेजात गेला. मी सोबत होतो. खाली गंजक्या पाण्याचं थारोळं होतं. त्यानं त्या भेगेवरून बोट फिरवलं, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दोघंही एकाच हिवाळ्यात फुटलो."

मग तो गाडी विकायचं बोलू लागला. शिकागोचं एक गिऱ्हाईक फोन करू लागलं. आर्लीननं ड्वाइट बौमाला जेवायला बोलावलं. ड्वाइट आमच्या गावातला मेकॅनिक आणि एमेटचा जुना मित्र. वाटाण्याचं सूप वाढलं गेलं आणि ड्वाइटनं विषय काढला. सांधून ते जुनं धूड भरवशाचं राहणार नाही, म्हणाला. कारखान्यातून तयार, पेटीत बंद होऊन येतं तसं नवं इंजिन घ्यावं.

एमेटच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी धुगधुगी दिसली. घ्यायचंच तर आजकालचं, दुप्पट ताकदीचं घेऊ, असं त्याच्या मनात आलं. ड्वाइटनं समजावलं की मग ब्रेक, रेडिएटर, पेट्रोलची नळी, सगळ्या तारा बदलाव्या लागतील. "मग तुझी जुनी गाडी कुठं राहिली, ते शोधत बसशील," तो म्हणाला. त्यापेक्षा जुन्याच घडणीचं नवं इंजिन घे, ते त्याच जागी, त्याच बोल्टांवर बसेल.

"ठरलं तर," एमेट म्हणाला. "तेच. आणि माझा चार गिअरचा गिअरबॉक्स आहे तसाच."

ड्वाइटनं त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं आणि नजर सुपात घातली. बोलली ती आर्लीन.

"क्लच कोण दाबणार?"

"मी. पाय येईल हळूहळू."

"आणि तोवर?"

"तोवर थांबेल गाडी."

"गाडी थांबेल रे. मी नाही थांबणार. चाळीस वर्षं थांबले. तुला चालवता येईल आणि मलाही चालवता येईल, असं काहीतरी घे. नाहीतर बोलाव त्या शिकागोवाल्याला."

एमेटचं सूप गार झालं. शेवटी त्यानं ड्वाइटला विचारलं, गाडी कुठं न कापता ऑटोमॅटिक गिअर बसेल का. बसेल, ड्वाइट म्हणाला. आणि पेट्रोल मोजून सोडणारं नवं यंत्र जुन्या झाकणाखाली लपवता येईल, म्हणजे इंजिनाला थंडीत खाकरत बसायला नको.

"म्हणजे किल्ली फिरवली की सुरू?"

"आर्लीनच्या धुलाईयंत्रासारखी."

मे महिन्यात ट्रकमधून पेटी उतरली. ड्वाइटनं इंजिन चढवलं. एमेट एका हातानं जमेल तेवढे नट आवळत होता, आणि दुसरा हात रोज थोडा जास्त साथ देत होता. जुनं इंजिन त्यानं कोपऱ्यात चादर घालून ठेवलंय. गाड्यांच्या क्लबातला मिल्ट मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "काय एमेट, शेवटी बसवलीस का कवळी?"

"बसवली," एमेट म्हणाला. "आता चावता येतं."

डॉक्टरांची परवानगी अजून यायची होती, म्हणून पहिली फेरी आर्लीनची. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं. प्रत्येक चौकात एमेट "ब्रेक, ब्रेक" करत होता. ती म्हणाली, आणखी एकदा म्हणालास तर पुढच्या कोपऱ्यावर उतरवीन. सरोवराकाठच्या वळणांवर तो इंजिनाचा आवाज ऐकू लागला. परत वळताना म्हणाला, "तू वळणं छान घेतेस."

"घेत असणारच," ती म्हणाली. "बसून बसून बघत होते ना."

ऑगस्टमध्ये एमेटची गाडी चालवण्याची परीक्षा झाली आणि त्याला परवाना परत मिळाला. आता दोघं सप्टेंबरात सरोवरावरचा मोठा पूल ओलांडून उत्तरेकडे जायचं म्हणतायत. त्या गाडीला सामानाची डिकी अशी नाहीच, त्यामुळे सीटमागच्या जागेत कुणाच्या किती वस्तू, यावर सध्या अंगणात वाद चालू आहे. मला त्यांनी ते गेल्यावर टोमॅटोंना पाणी घालायला सांगितलंय.