कापूस लावलेला कप

आमच्या वऱ्हाडात कशावरही औषध एकच, कापूस. कान ठणकला, बोट कापलं, दार खडखडलं, की लाव कापूस. त्यातून सासूबाईंनी लाख वाती वळण्याचा नेम धरलेला, म्हणून अमरावतीच्या आमच्या घरात कापूस कायम हाताशी असे. तेव्हा हा मुलूख मध्यप्रांतात होता आणि चिनी मातीचा कप ही मिरवायची वस्तू होती. माझ्याकडे एकच होता, बशी-चमच्यासकट. माझे वडील अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करत. त्यांनी तो लग्नात हौसेने दिला होता.

एकदा मी बाजारात गेले असताना सासूबाईंच्या हातून कप पडला आणि त्याला उभी चीर गेली. त्यांनी बाभळीचा डिंक भिजवून चीर भरली, वरून कापूस दाबून धरला. डिंक वाळला, कापूस निघेना. एकाच बाजूला बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तो सगळ्या कपाला लावला. मग बशीला. मग चमच्यालाही. मी परतले तेव्हा तिन्ही वस्तू चुलीजवळ कोंबडीच्या पिलांसारख्या बसल्या होत्या.

"हे काय केलं, आत्याबाई?"

"जखमेले कापूस लावतेच ना मानूस," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "तुह्या माहेरचा होता. इहिरीत टाकून दे. लोकं हासतीन मले."

माझा पारा चढलेलाच होता, खोटं कशाला सांगू. पण एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई माझ्याकडे बघत नव्हती. मी कप ज्वारीच्या कोठीमागे लपवला.

तो आमच्या ह्यांना सापडला. हे शाळेत चित्रकला शिकवत. आधी पोट धरून हसले, मग कप पाटावर ठेवून कितीतरी वेळ नुसते बघत बसले. परदेशात काही चित्रकार रोजच्या भांड्याकुंड्यांतून अशाच वस्तू घडवतात, म्हणाले. ओळखीच्या, तरी कुठल्याच कामाच्या नाहीत, स्वप्नात दिसतात तशा. शाळेच्या चित्रप्रदर्शनात हा कप मांडायचाच, असं त्यांनी ठरवलं.

सासूबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आपली फजिती चारचौघांत मांडली, हेच त्यांच्या मनात. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "चाल. मी तो उचलून आनतो."

टांग्याने गेलो. कपासमोर गर्दी होती, आणि हसत कुणीच नव्हतं. पागोटेवाले एक शेतकरी वाकून म्हणत होते, "च्या प्याव का वाती वळाव्या, काही समजून नाही राहिलं. पन नजर हटत नाही लेकाची." सासूबाईंनी पदर सावरला. कप उचलायचं त्या विसरल्या. शेजारच्या पुठ्ठ्याकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, "कोनाचं नाव हाय थे?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मी गप्प.

"बोलत नाहीस म्हंजे त्याचंच हाय," त्या म्हणाल्या. "काहून? कापूस त म्या लावला."

हे मागेच उभे होते. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं.

"आता वाच," सासूबाई मला म्हणाल्या.

सासूचं नाव घेणं सुनेला तितकंच वर्ज्य. माहेरची माणसं गेल्यापासून ते नाव त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. घरात आई, काकू, आत्याबाई, दारात अमक्याची माय. मी पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं.

सासूबाईंनी पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"आनखी एक बार वाच," त्या म्हणाल्या.